मीठ-मोहरी, मिरची आणि कडू साल

आमच्या तळकोकणातल्या घरात चुलीवरच्या फळीला एक पत्र्याचा डबा असे. त्यात जाडे मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या एकत्र ठेवलेल्या असत. स्वयंपाकासाठी त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही, अशी आजीची सक्त ताकीद होती. घरातले मूल किरकिर करू लागले, जेवेनासे झाले किंवा अंग कोमट लागले, की आजी दिवेलागणीला मूठभर ऐवज घेई, मुलाला पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसवी, तीनदा ओवाळी आणि मूठ चुलीत टाकी. मिरच्यांचा खकाणा उठून सगळे खोकू लागले तर काळजी नसे. खकाणा उठला नाही, तर मात्र आजीचा चेहरा गंभीर होई. "बघितलंत? केवढी दृष्ट होती पोराला!"

१९५२ च्या पावसाळ्याअखेर त्या डब्यातला ऐवज संपत आला होता. मी सात वर्षांचा होतो आणि माझी धाकटी बहीण चार वर्षांची. तिला सगळे 'बाय' म्हणत. आम्हा दोघांनाही ताप भरे. आधी हुडहुडी, मग अंगाची आग, मग घाम. एक दिवस बरा जाई, पुन्हा हुडहुडी. आजीने दृष्ट काढली. मग घाडी आला, देवळात कौल लावला, कुणा पूर्वजाचे मागणे राहिल्याचे निघाले, कोंबडा दिला गेला. यात आठ दिवस गेले. तालुक्याचा दवाखाना अकरा मैलांवर आणि वाटेत नदी दुथडी भरलेली. नवव्या दिवशी वडिलांनी आम्हाला गड्यांच्या खांद्यावर घालून होडीने पलीकडे नेले. दवाखान्यातल्या वयस्कर कंपाउंडरने बाटलीतले कडूजहर औषध चमच्याने दोघांच्याही घशात ओतले. ते क्विनाईन होते. मी चार दिवसांत उठून बसलो. बायला त्याच रात्री झटके आले आणि पहाटे ती गेली.

हे आज सांगायचे कारण असे. पुढे मी वनस्पतीशास्त्र शिकलो, तीस वर्षे कॉलेजात शिकवले. एम.एस्सी.ला असताना एका दुपारी ग्रंथालयात एक गोष्ट ध्यानात आली आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. आजीच्या मुठीतली मिरची आणि कंपाउंडरच्या बाटलीतले क्विनाईन, दोघांचेही माहेर एकच होते. दक्षिण अमेरिका!

राखणदाराचे ताट

मिरचीचे अख्खे घराणे मूळचे दक्षिण अमेरिकेतले, बोलिव्हियाच्या आसपासचे, असे वनस्पतीशास्त्रज्ञ मानतात. आपण रोज खातो ती जात पुढे मेक्सिकोकडे माणसाळली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळी कुणाची दृष्ट काढली गेली असेल, तर ती मिरचीशिवाय! जी वस्तू आपण 'पूर्वापार' म्हणून मुठीत घेतो, ती इथे येऊन जेमतेम पाचशे वर्षे झाली आहेत.

मिरची काही एकटी आली नाही. आमच्याकडे गावच्या राखणदाराला वर्षातून एकदा मान देतात. त्यात रोट असतो, विडी असते आणि काजूच्या हंगामात काजूची दारूही असते. विडीतली तंबाखू अँडीज पर्वताच्या पायथ्याची, काजू ब्राझीलचा. राखणदार आमच्या मातीतला, पण त्याच्या ताटातल्या दोन वस्तू समुद्रापलीकडच्या. बाजारात आपण ज्याला पेरू म्हणतो, त्या फळाचे नावही त्या देशावरूनच आले असे मानतात.

त्या वस्तू आपल्या मायदेशातही नुसत्या खाण्यापिण्याच्या नव्हत्या. अॅमेझॉनच्या जंगलातले वैदू रोग्याच्या अंगावर तंबाखूचा धूर फुंकतात. धुराने वाईट शक्ती पळतात, असा त्यांचा समज. आपल्या कोकणात शेंद्रीचे झाड असते, ज्याच्या बियांचा लाल रंग निघतो. तेही तिकडचेच. इक्वेडोरमधल्या त्साचिला जमातीचे पुरुष त्या बियांच्या लगद्याने केस लालभडक माखतात. देवीची साथ आली तेव्हा या रंगाने आपल्याला वाचवले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. देवी म्हटले की आपल्याकडे कडुलिंबाचा डहाळा आठवतो. रोग एकच, भीती एकच. हाताशी असलेले झाड तेवढे वेगळे.

कोकाचा विडा

२०१७ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, मला पेरूला जाण्याचा योग आला. भाचा नोकरीनिमित्त लिमाला होता. "मामा, आयुष्यभर ज्या झाडांची नावं फळ्यावर लिहिलीत, ती एकदा बघून तरी जा," असा त्याचा आग्रह.

कुस्को शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. विमानातून उतरताच डोके जड झाले, चार पायऱ्या चढताना धाप लागली. मुक्कामाच्या ठिकाणी मालकिणीने काही न विचारता गरम पाण्याचा पेला पुढे केला. त्यात हिरवी पाने तरंगत होती. चव गवती, किंचित कडसर. हा कोकाचा चहा. विरळ हवेच्या त्रासावर तिथे घरोघर तो देतात.

पुढचे चार दिवस मी कोका पाहत होतो. डोंगरातली माणसे पानांची गुंडी गालात धरतात आणि सोबत राखेचा किंवा चुन्याचा छोटा खडा ठेवतात. चुना नसेल तर पान 'लागत' नाही. मला आमच्या ओसरीवरचे पानाचे तबक आठवले. पान, चुना, गालातली गुंडी आणि समोरच्याला पान देऊन मान राखण्याची रीत, सगळे ओळखीचे वाटले. शेतात नांगर धरण्यापूर्वी तीन चांगली पाने निवडून, पंख्यासारखी बोटांत धरून, त्यांवर हलकी फुंकर मारतात. ती फुंकर डोंगरदेवांना आणि 'पाचामामा'ला, म्हणजे धरणीमातेला. पाने फडक्यावर टाकून, ती कशी पडली यावरून जाणते लोक हरवलेले जनावर, आजारी मूल, लांबचा प्रवास यांचे भाकीत सांगतात. ते ऐकताना मला आमच्या देवळातला कौल डोळ्यांसमोर दिसत होता.

याच पानातून १८६० च्या सुमारास जर्मनीत अल्बर्ट नीमान याने कोकेन वेगळे काढले. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने ते डोळ्यात घालून डोळा बधिर करून दाखवला आणि स्थानिक भुलीचे युग सुरू झाले. आज दात काढताना हिरडीत जी सुई टोचतात, तिचे औषध निराळे असले तरी तो रस्ता या पानाने उघडला. त्याच कोकेनने पुढे लाखो घरे उद्ध्वस्त केली, हेही विसरून चालत नाही. पान चघळणारा शेतकरी आणि शुद्ध पावडर ओढणारा शहरी व्यसनी यांच्यात तेवढेच अंतर आहे, जेवढे ताडाच्या नीरेत आणि गाळीव दारूत. पण १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात पानालाही अमली पदार्थांच्या यादीत बसवले गेले. त्यावरून बोलिव्हिया २०११ मध्ये करारातून बाहेर पडला आणि २०१३ मध्ये, आपल्या देशात पान चघळण्याची परंपरा राखून ठेवूनच, परत आला. आपल्याकडच्या कायद्याला मात्र कोकाचे पानही चालत नाही. तेव्हा तिकडून आठवण म्हणून चहाची पुडी आणण्याचा मोह कुणी धरू नये.

सताप आणि अंडे

पेरूच्या उत्तरेला चिक्लायो शहराच्या मुख्य बाजारात वैदूंच्या वस्तूंची एक ओळच आहे. जुड्या, साली, मुळ्या, शिंपले, तलवारी, संतांच्या तसबिरी, बाटल्यांतली रंगीत पाणी. एका कोपऱ्यात निवडुंगाचे जाड हिरवे दांडे रचलेले. हा 'सान पेद्रो'. स्वर्गाच्या किल्ल्या सेंट पीटरकडे असतात, म्हणून त्याचे नाव या निवडुंगाला. याचा काढा पिऊन वैदू रात्रभर आपल्या 'मेसा'समोर, म्हणजे मांडलेल्या पूजेसमोर, बसतो आणि रोग्याच्या दुखण्याचे मूळ 'पाहतो'. चाविन दे वान्तार इथल्या देवळात, दोन-अडीच हजार वर्षांहून जुन्या दगडावर, हाच निवडुंग हातात धरलेली दैवी आकृती कोरलेली आहे. पुढे स्पॅनिश आले, धर्म बदलला, नाव बदलले. निवडुंग तोच राहिला.

त्या सगळ्या पसाऱ्यात एका जुडीच्या वासाने मी थबकलो. उग्र, ओळखीचा, थेट लहानपणातला वास. चुरगाळून पाहिले. सताप! तान्ह्या बाळांच्या सर्दीखोकल्यावर आपल्या आज्या परसात लावत, तोच. तिकडे त्याला 'रुदा' म्हणतात. ही वनस्पती भूमध्य समुद्राकाठची. स्पॅनिश लोकांनी ती दक्षिण अमेरिकेत नेली. आज तिथे दुकानाच्या दारात, गल्ल्याशेजारी, बाळाच्या उशाशी तिची काडी ठेवतात, नजर लागू नये म्हणून. अर्जेंटिनात १ ऑगस्टला सताप घातलेल्या दारूचे घोट घेऊन वर्षभराची इडापिडा टाळतात. त्यांची मिरची आपल्या दृष्टीला, आणि जुन्या जगाचा सताप त्यांच्या नजरेला!

त्याच बाजारात मी जे पाहिले, त्यासाठी खरे तर हा लेख लिहिला. एक तरुण आई चार-पाच वर्षांच्या मुलीला घेऊन एका म्हाताऱ्या विक्रेतीकडे आली. मुलगी मलूल होती. भाच्याने हळूच सांगितले, "मूल दचकलंय म्हणते. याला हे लोक 'सुस्तो' म्हणतात. भीतीने जीव अंगातून निघून मागे राहतो, असं समजतात." डोंगरी गावांतून अशा वेळी मूल जिथे दचकले तिथे जाऊन, त्याचे कपडे हातात धरून, त्याच्या नावाने हाका मारतात. इथे म्हातारीने एक अंडे घेतले, पुटपुटत मुलीच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवले, सतापाच्या जुडीने अंग झाडले आणि अंडे पाण्याच्या पेल्यात फोडले. पांढऱ्या बलकाचे धागे पाण्यात वर चढले. ते तिने निरखून पाहिले. कोंबडी स्पॅनिशांबरोबर आली; त्याआधीपासून हेच काम गिनीपिग फिरवून करत आले आहेत, आणि आजही करतात.

मग म्हातारीने मुलीच्या कपाळावर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच ठेवला. आईला काही तरी कडक शब्दांत सुनावले, पैसे घेतले नाहीत, हाताने रस्ता दाखवला. आई घाईने निघून गेली.

"काय म्हणाली रे?"

"म्हणाली, भीती मी काढली. पण हिला ताप आहे, तो माझ्याने निघायचा नाही. आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात ने."

त्या बाजाराच्या गोंगाटात मी एका पडवीचा खांब धरून उभा राहिलो. भाच्याला वाटले, उन्हाने चक्कर आली.

कडू सालीचे देणेघेणे

जादूला आणि औषधाला एकच झाड का लागावे? माझ्या मते त्याचे कारण झाडात आहे. झाडाला पळता येत नाही. किडे आणि जनावरे यांच्यापासून बचाव करण्यासाठी ते तिखट, कडू, उग्र, बधिर करणारी द्रव्ये बनवते. मिरचीचा तिखटपणा दाढांनी बी चावणाऱ्या प्राण्यांना झोंबतो. बी गिळून दूर टाकणाऱ्या पक्ष्यांना तो जाणवतही नाही. अँडीजच्या उतारांवर आणि अॅमेझॉनच्या खोऱ्यात वनस्पतींच्या जाती अफाट, म्हणून अशी द्रव्येही अफाट. माणसाने प्रथम जीभ लावली तेव्हा त्याला एवढेच कळले, की या झाडात 'काही तरी आहे'. त्या 'काही तरी'ला कुणी देव म्हटले, कुणी विष, कुणी औषध.

अॅमेझॉनमधले शिकारी बाणाला 'कुरारे' लावतात. त्याने शिकारीचे स्नायू लुळे पडतात. १९४२ साली माँट्रियलच्या डॉ. हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी तेच द्रव्य शस्त्रक्रियेच्या टेबलावरील रुग्णाचे स्नायू सैल करण्यासाठी वापरले आणि भूलशास्त्राचा चेहरा बदलला. ब्राझीलच्या जाबोरांडीच्या पानांतून पिलोकार्पिन निघाले. काचबिंदूच्या कित्येक रुग्णांची नजर त्या थेंबांनी राखली.

आणि ती कडू साल! सिंकोना. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी ती युरोपात नेली. पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची सरदारीण, या सालीने बरी झाली, ही गोष्ट आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. लिनियसने १७४२ मध्ये तिच्यावरूनच झाडाला नाव दिले, आणि तेही एक अक्षर गाळून. पुढे जुनी कागदपत्रे तपासली तेव्हा ती कथा निराधार ठरली. १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी सालीतून क्विनाईन वेगळे केले. आता साल किती उकळायची, हा अंदाजाचा प्रश्न उरला नाही. मात्रा मोजता येऊ लागली. माझ्या मते वैदूचा काढा आणि औषध यांच्यातली खरी सीमा हीच. १८६० नंतर इंग्रजांनी निलगिरीत आणि दार्जिलिंगजवळ मुंगपूला सिंकोनाच्या बागा लावल्या. आमच्या कंपाउंडरच्या बाटलीमागे एवढा प्रवास होता.

त्या प्रवासाची किंमत कुणी मोजली, तेही सांगितले पाहिजे. बोलिव्हियाच्या मानुएल इन्क्रा मामानी या माणसाला सिंकोनाची झाडे जशी ओळखता येत, तशी कुणा गोऱ्या संशोधकाला येत नसत. चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्यासाठी त्याने सर्वांत कसदार जातीचे बी जमवून १८६५ मध्ये पोचते केले. ते डचांनी घेतले आणि जावा बेटावर त्यातून क्विनाईनचे साम्राज्य उभे राहिले. मामानीला मात्र पुन्हा बी गोळा केल्याबद्दल पकडून तुरुंगात बेदम मारले गेले आणि १८७१ मध्ये तो त्यातच गेला. जातीला नाव लेजरचे लागले.

आपल्याला हे दुखणे कळू शकते. १९९५ मध्ये हळदीने जखम बरी करण्याच्या 'शोधा'वर अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करवले. अॅमेझॉनवासीयांच्या 'आयावास्का' वेलीवरही १९८६ मध्ये एका अमेरिकन माणसाने पेटंट मिळवले होते. त्याविरुद्ध आदिवासी संघटना वॉशिंग्टनपर्यंत गेल्या. १९९९ मध्ये ते फेटाळले गेले, २००१ मध्ये पुन्हा मान्य झाले आणि २००३ मध्ये मुदत संपून एकदाचे मिटले.

या वेलीचा काढा दुसऱ्या एका झुडपाच्या पानांबरोबर उकळतात. तो प्यायल्यावर उलट्या होतात, दृश्ये दिसतात. पेरूने २००८ मध्ये या परंपरेला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली. आता जगभरचे पर्यटक तिकडे रांगा लावतात. मी तो काढा घेतला नाही. काही मानसोपचाराच्या गोळ्यांबरोबर तो घेतला तर जिवावर बेतू शकते, हे वनस्पतीशास्त्राच्या शिक्षकाला ठाऊक असते. रात्रीपुरत्या 'वैदू' झालेल्या दलालाला ते ठाऊक असेलच असे नाही. बोलिव्हियातले कायावाया वैद्य मात्र पिढ्यान् पिढ्या पायी गावोगाव फिरत आले. त्यांच्या वनौषधींच्या भांडारात सुमारे ९८० जाती असल्याची नोंद युनेस्कोने केली आहे. असे ज्ञान सहलीच्या तीन दिवसांत ना देता येते, ना घेता.

आजीचा नवा नियम

१९५३ मध्ये देशात हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. आमच्या गावातही फवारणीवाले आले, भिंतीवर तारीख लिहून गेले. आता हिवतापावर पहिली निवड क्विनाईन राहिलेले नाही. गंभीर रुग्णाला एका चिनी वनस्पतीपासून आलेले औषध देतात; त्या शोधाबद्दल तू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले. २०१३ मध्ये महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यात साप-विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी आयुष्य वेचले आणि प्राणही. त्यांची हत्या झाली तो दिवस २० ऑगस्ट. रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, तोही २० ऑगस्टच. तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो दर वर्षी आठवतो.

आजीचे काय झाले? बाय गेल्यावर वर्षभर ती त्या डब्याकडे वळली नाही. मग एके संध्याकाळी शेजारीण तापलेले मूल घेऊन दारात आली. आजी उठली, मुलाच्या अंगाला हात लावला आणि म्हणाली, "आधी दाक्तराकडे घेवन जा, मगे माझ्याकडे ये." पुढची वीस वर्षे, हात थरथरू लागेपर्यंत, तिने हाच नियम पाळला. दवाखान्यातून परत आलेल्या प्रत्येक मुलाची दृष्ट तिने काढली, कधी नाही म्हटले नाही. औषध मुलाला लागे, ओवाळणे आईला. रात्रभर जागून घाबरलेल्या आईलाही काही तरी लागतेच.

आम्ही मात्र बरीच वर्षे आजीला मनातल्या मनात दोष देत राहिलो. बायच्या मरणात नदीचा, अंतराचा आणि गरिबीचा वाटा किती आणि आजीच्या मुठीचा किती, हे ठरवायला मला चिक्लायोच्या बाजारापर्यंत जावे लागले. तेव्हा ती नव्हती. असती तर त्या म्हातारीची गोष्ट तिला सांगितली असती. आणि हेही सांगितले असते, की आजी, तुझी मिरची आणि माझे कडू औषध, दोन्ही त्याच मुलखातली गं.